रेकॉर्डवर कुठली हार्मोनिका वाजतेय आणि कुठल्या पोझिशनमध्ये, हे कानाने कसं ओळखायचं?

पांढरी_सहा (धागाकर्ता)

मागच्या महिन्याभरात इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारलाय: शिकागोचा ब्लूज हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर याच्या ‘जूक’ला कुठली हार्मोनिका लागते? उत्तर एका ओळीचं आहे. गाणं ई मध्ये, हार्मोनिका ए ची, सेकंड पोझिशन. पण असं उत्तर मिळालं की पुढच्या गाण्याला पुन्हा कुणाला तरी विचारायची वेळ येते. म्हणून उत्तर काढायचं कसं, हे एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं.

आमच्या घरी पेटी होती. वडील भजनाला वाजवायचे, त्यामुळे ‘पांढरी एक’, ‘काळी चार’ ही भाषा लहानपणापासून कानावर आहे. ब्लूजच्या हार्मोनिकाचं गणित मला इंग्रजी पुस्तकांतून कधीच नीट कळलं नाही. सा-रे-ग-म लावून पाहिलं तेव्हा एका संध्याकाळीत उलगडलं. इथेही तसंच मांडतो.

आधी वाद्य. ब्लूजमध्ये जी वाजते ती दहा होलची छोटी डायटोनिक. तिच्यात बाराही सूर नसतात. हार्मोनिकाची स्वतःची पट्टी सा धरली, तर डावीकडून उजवीकडे फुंकून मिळतं: सा ग प सा ग प सा ग प सा. ओढून (श्वास आत घेऊन) मिळतं: रे प नी रे म ध नी रे म ध. नीट पाहा, डाव्या बाजूला ओढताना म आणि ध नाहीतच, आणि प दोनदा आहे (दुसरं होल ओढून, तिसरं फुंकून).

हार्मोनिकावर जी पट्टी लिहिलीय तिच्यातच गाणं वाजवलं तर ती फर्स्ट पोझिशन. ब्लूजवाल्यांनी मात्र फार लवकर हेरलं, की पहिली चार होलं एकदम ओढली तर ‘रे प नी रे’ असा भरदार कॉर्ड येतो. त्यातल्या प ला सा म्हणा, म्हणजे तोच कॉर्ड ‘प सा ग प’ होतो. सा मुक्कामाला आला तो श्वास आत घेताना. श्वास आत घेताना सूर दाबता येतो, वाकवता येतो, रडवता येतो. ही सेकंड पोझिशन. ओढून येणाऱ्या रे ला सा मानलं की थर्ड.

ज्यांनी थोडंफार गाणं शिकलंय त्यांना हे नवीन नाही. ही मूर्च्छना आहे. सूर तेच, सा सरकवायचा. फर्स्ट पोझिशनला बिलावल, सेकंडला खमाज, थर्डला काफी, फोर्थला आसावरी, फिफ्थला भैरवी. बारावी म्हणतात ती पोझिशन म्हणजे कल्याण. ब्लूजच्या जुन्या रेकॉर्डवर तुम्हाला बहुतेक वेळा खमाज भेटेल, कधी काफी, कधी बिलावल. बाकीच्या क्वचित.

गाण्याचा सा सापडला की हार्मोनिका कुठली, ते असं निघतं. फर्स्ट असेल तर गाण्याच्या सा चीच. सेकंड असेल तर गाण्याचा जो मध्यम, त्या पट्टीची. थर्ड असेल तर गाण्याचा जो कोमल नी, त्या पट्टीची. ‘जूक’चा सा ई, म्हणजे पांढरी तीन. तिचा मध्यम पांढरी सहा, म्हणजे ए. झालं.

राहिला खरा प्रश्न, पोझिशन कुठली. सगळे इथेच अडखळतात. माझी पद्धत सांगतो: कोमल ग शोधा, आणि तो कुठल्या सप्तकात आहे ते पाहा.

ब्लूजचा सगळा जीव कोमल ग मध्ये आहे, आणि डायटोनिकवर तो सगळीकडे मिळत नाही. फर्स्ट पोझिशनमध्ये खालच्या आणि मधल्या सप्तकात कोमल ग नाहीच. फक्त वरच्या टोकाला आठवं होल फुंकून बेंड केलं (सूर वाकवला) की येतो. सेकंडमध्ये तो खालच्या सप्तकात आहे, तिसरं होल ओढून बेंड केलं की. तिथून वरच्या सप्तकात पुन्हा गायब. थर्डमध्ये तो पाचव्या होलला ओढून सरळ, बेंड न करता मिळतो, नवव्यालाही तसाच, आणि खालीही दुसरं होल पुरतं दाबून काढता येतो.

उदाहरण घेऊ. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांचं ‘हूची कूची मॅन’, जानेवारी १९५४, शिकागो. हार्मोनिका लिटल वॉल्टरची. गाणं ए मध्ये. थांबत थांबत येणारा तो तुकडा सगळ्यांना पाठ असतो: सा, म, सा, कोमल ग, सा. आता तिन्ही पोझिशन लावून बघा.

ए च्या हार्मोनिकावर, फर्स्टमध्ये: सा चौथं होल फुंकून. पण त्याच्या वरचा कोमल ग तिथे नाही. बाद.

जी च्या हार्मोनिकावर, थर्डमध्ये: सा चौथं ओढून, म सहावं फुंकून, कोमल ग पाचवं ओढून. सगळे सूर मिळतात, आणि अगदी त्याच उंचीवर मिळतात.

डी च्या हार्मोनिकावर, सेकंडमध्ये: सा दुसरं ओढून, म चौथं फुंकून, कोमल ग तिसरं ओढून बेंड. हेही बरोबर त्याच उंचीवर.

मग थर्ड की सेकंड? तुकडा निम्म्या वेगात लावून फक्त त्या एका कोमल ग वर कान ठेवा. तो ठोकळ्यासारखा येऊन बसत नाही, शुद्ध ग च्या बाजूने वाकत येतो आणि दोघांच्या मधे कुठेतरी तरंगतो. थर्डमधलं पाचवं होल असं वाकतच नाही. तिथला कोमल ग पेटीच्या पट्टीसारखा सरळ. म्हणून डी ची हार्मोनिका, सेकंड पोझिशन. ही मींड ऐकू यायला मला काही महिने लागले. एकदा ऐकू आली की मग ती प्रत्येक रेकॉर्डमध्ये ऐकू येते.

तुम्हाला अडलेली गाणी इथे टाका. मिळून काढू.

---

कोमल_नी

मूर्च्छनेचं वाचून अंगावर काटा आला. मी आठ वर्षं खयाल शिकले आणि हार्मोनिका छंद म्हणून वाजवते, पण ही जोडणी कधी सुचली नाही.

एक विचारायचं होतं. जुन्या रेकॉर्डवर सेकंड पोझिशनचा जो कोमल नी आहे (पाचवं होल ओढून) तो मला कायम उतरलेला वाटतो. पेटीच्या कोमल नी ला लागतच नाही. पण कॉर्डमध्ये आला की इतका गोड लागतो की सोडवत नाही. माझा कान चुकतोय का?

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

@कोमल_नी ताई, कान अगदी बरोबर आहे. होनर कंपनीची ‘मरीन बँड’ हार्मोनिका १८९६ ची. या जुन्या हार्मोनिका पेटीसारख्या समान अंतराने लावलेल्या नसत. कॉर्ड निर्मळ वाजावा अशा बेताने लावत. पाचव्या आणि नवव्या होलचा ओढून येणारा सूर मुद्दाम खाली ठेवत, म्हणजे ‘प सा ग प कोमल-नी’ एकत्र ओढले की ठोके पडत नाहीत, आवाज एकजीव होतो. पेटीच्या कोमल नी पेक्षा तो सुमारे ३१ सेंट खाली (पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांत १०० सेंट असतात). आपल्या भाषेत अतिकोमल नी.

तुमच्या या निरीक्षणाचा ओळखण्यासाठी थेट उपयोग होतो. तोच पाचव्या होलचा सूर थर्ड पोझिशनमध्ये कोमल ग बनतो, आणि मग कोमल ग उतरलेला लागतो. म्हणजे जुन्या रेकॉर्डवर सरळ, न वाकणारा, पण नेहमीपेक्षा खाली असलेला कोमल ग ऐकू आला तर थर्डची शंका घ्यायला जागा आहे. आजच्या मरीन बँडचं ट्यूनिंग दोन्हीच्या मधलं असतं, त्यामुळे नव्या रेकॉर्डवर ही खूण पुसट होते.

---

गिटारवाला_नाशिक

गिटारच्या बाजूने थोडी भर घालतो. हार्मोनिका ऐकून सा सापडत नसेल तर गिटार ऐका. शिकागोच्या त्या काळातल्या रेकॉर्डवर मोकळ्या तारा सारख्या घुमत असतात. ई मध्ये वाजवताना सगळ्यात जाड तार मोकळी घुमते, ए मध्ये तिच्या शेजारची. एकदा तो घुमार ओळखीचा झाला की पट्टी पाच सेकंदांत कळते. ई असेल तर आधी ए ची हार्मोनिका लावून पाहायची, ए असेल तर डी ची. माझ्या वहीत पन्नासच्या दशकातली जी गाणी आहेत त्यांतली बरीचशी या दोनच हार्मोनिकांवर निघाली.

पण केपो (गिटारच्या सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की हा अंदाज फसतो. मडी वॉटर्स केपो वापरायचे. केपो लावल्यावर हाताची ठेवण ई ची, घुमारही ई सारखाच, पण पट्टी वर सरकलेली. म्हणून घुमारावर थांबू नका, पेटीवर किंवा ट्यूनरवर सा पडताळून घ्या.

---

नवशिकी

मी अगदी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. धागा वाचून तिसरं होल ओढून बेंड करायला बसले. तीन दिवस झाले, काहीच होत नाही. माझ्या हार्मोनिकाला चोवीस होलं आहेत, वर-खाली दोन ओळींत. दुकानात ‘ब्लूजसाठी हवी आहे’ असं सांगूनच घेतली होती आणि त्यांनी हीच दिली. माझ्या फुफ्फुसांतच जोर नाही असं वाटायला लागलंय.

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

@नवशिकी ताई, तुमच्या फुफ्फुसांना काही झालेलं नाही. तुमच्याकडे ट्रेमोलो हार्मोनिका आहे. तिच्यात प्रत्येक सुराला दोन रीड (थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पात्या) असतात, एकमेकींपासून किंचित हललेल्या, म्हणून आवाज थरथरतो. सुंदर वाद्य आहे, हिंदी गाण्यांना छान शोभतं. पण ब्लूजचा बेंड तिच्यावर येत नाही, आणि त्याचं कारण तिच्या बांधणीत आहे.

दहा होलच्या डायटोनिकमध्ये एका होलच्या खोबणीत फुंकायची रीड आणि ओढायची रीड एकत्र बसलेल्या असतात. ओढताना तुम्ही जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली की दोन्ही रीड एकमेकींशी बोलायला लागतात, आणि वरचा सूर खालच्या सुराकडे खेचला जातो. तो खालच्या सुराच्या जरा वरपर्यंतच येतो, पलीकडे नाही. तिसऱ्या होलमध्ये हार्मोनिकाचे प आणि नी शेजारी आहेत, त्यांच्यात तीन सूर मोकळे आहेत, म्हणून तिथे तीन बेंड मिळतात. चौथ्यात सा आणि रे, मधे एकच सूर, म्हणून एकच बेंड. पाचव्यात ग आणि म, मधे जागाच नाही, म्हणून ते होल वाकत नाही. वर ‘हूची कूची मॅन’मध्ये जो निकाल लागला तो याच कारणाने.

ट्रेमोलोत प्रत्येक रीडला वेगळी खोबण असते. शेजारीण नाही, मग खेचणार कोण? दहा होलची सी ची घ्या. शिकवण्याचं बहुतेक साहित्य सी वरच असतं. आणि जोर अजिबात लावू नका, जोर लावला की रीड अडकते. ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ म्हणताना जीभ जशी मागे सरकते, तेवढंच करायचं.

---

शिकागोवासी

मी गेली सोळा वर्षं इथे आहे. धाग्यात शिकागोचं नाव इतक्यांदा आलं म्हणून लिहितो. साउथ मिशिगन अॅव्हेन्यूवर २१२० क्रमांकाची दुमजली इमारत अजून उभी आहे, ब्लूजच्या रेकॉर्ड काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीची. आता तिथे ब्लूज गीतकार विली डिक्सन यांच्या नावाची ब्लूज हेवन फाउंडेशन आहे आणि आत जाऊन पाहता येतं. भारतातून कुणी आलं की मी आवर्जून नेतो. ‘जूक’ याच खोलीत रेकॉर्ड झालं असं तिथे आलेले पाहुणे बरेचदा समजतात. ते तसं नाही. ‘जूक’ मे १९५२ चं आहे आणि चेस या इमारतीत १९५७ मध्ये आले.

ते मडी वॉटर्सच्या बँडच्याच सेशनमध्ये रेकॉर्ड झालं. लिटल वॉल्टर तेव्हा बावीस वर्षांचा, लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा मुलगा. त्या अगोदर मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवायचा. रेकॉर्ड रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आठ आठवडे राहिली. नुसत्या हार्मोनिकाची, गाणं नसलेली रेकॉर्ड! मॅक्सवेल स्ट्रीटवरचा तो जुना बाजार आज उरलेला नाही. मी तिथून गाडीने जाताना दरवेळी काच खाली करतो.

नेटवरच्या याद्या वापरणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. सॉनी बॉय विल्यमसन दोन होते. पहिले टेनेसीतल्या जॅक्सनचे, ज्यांचं ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’ १९३७ चं, आणि ज्यांचा १९४८ मध्ये इथे शिकागोत खून झाला. दुसरे राइस मिलर, हेलेना, आर्कान्सा इथल्या रेडिओवर १९४१ पासून गाजलेले, १९६५ मध्ये गेले. दोघांची वाजवण्याची ढब पूर्ण वेगळी आहे. यादीत नुसतं ‘सॉनी बॉय’ लिहिलं असेल तर साल बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

---

खरजातला_सा

याद्यांचा विषय निघालाच आहे तर माझा आक्षेप मांडतो. इतका खटाटोप कशाला? प्रत्येक प्रसिद्ध गाण्याची पट्टी आणि हार्मोनिका नेटवर लिहिलेली सापडते. धागाकर्त्यांची पद्धत अभ्यासपूर्ण आहे, पण ज्याला फक्त गाणं वाजवायचंय त्याने थेट यादी पाहावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, ‘हेल्प मी’ (राइस मिलर, १९६३) हे तर धडधडीत मायनर गाणं आहे. तुमच्या हिशेबाने कोमल ग म्हणजे काफी, काफी म्हणजे थर्ड. गाणं एफ मध्ये, म्हणजे हार्मोनिका ई फ्लॅटची यायला हवी. मी ई फ्लॅट लावून पाहिली. सूर सगळे लागतात, पण रेकॉर्डसारखं वाजत नाही. पद्धत इथे चुकते.

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

@खरजातला_सा, ‘हेल्प मी’ काढलंत हे फार बरं केलंत, तिथे भलेभले चकतात. पण मी ‘कोमल ग आहे म्हणजे थर्ड’ असं म्हटलेलं नाही. तो कुठे आहे आणि कसा येतो, ते पाहायचं. गाणं मायनर असणं ही गायकाची आणि बँडची गोष्ट. बुकर टी अँड द एमजीजचं १९६२ चं ‘ग्रीन ओनियन्स’ एफ मध्येच आहे, ‘हेल्प मी’ त्याच चालीवर स्वार झालंय, म्हणून सगळा माहोल मायनर आहे. हार्मोनिका मात्र बी फ्लॅटची (काळी पाच) आणि सेकंड पोझिशन. एफ चा मध्यम बी फ्लॅट. राइस मिलर शुद्ध ग टाळतात आणि तिसरं होल वाकवून कोमल ग काढतात. तुम्हाला ‘रेकॉर्डसारखं वाजत नाही’ असं जे वाटलं तेच तुमचं उत्तर होतं. सूर जुळले, वाकणं जुळलं नाही. बी फ्लॅट असेल तर आज रात्री लावून पाहा.

याद्यांबद्दल. मीही त्या पाहतो, पण पडताळायला. याद्यांत चुका आहेत आणि त्या एकमेकींत उतरत जातात. मडी वॉटर्सच्याच ‘मॅनिश बॉय’च्या १९५५ च्या रेकॉर्डवर लिटल वॉल्टर आहे असं मी कितीतरी ठिकाणी वाचलंय. तिथे ज्युनिअर वेल्स आहेत. आणि त्यांच्या १९७७ च्या ‘हार्ड अगेन’ अल्बमवर, ज्याची निर्मिती जॉनी विंटरने केली, त्यावर जेम्स कॉटन. कान तयार असेल तर ही दोन माणसं एक नाहीत, हे यादी न बघता कळतं.

---

कोमल_नी

‘हेल्प मी’ आत्ताच ऐकलं. कोमल ग वर तो थेट येत नाही, शुद्ध ग च्या बाजूने खाली उतरतो. आमच्या गुरुजी दरबारीच्या गंधाराला ‘झुलवा, ठेवू नका’ म्हणायच्या, ते आठवलं. आंदोलन वेगळं, पण सूर एका जागी न खिळवण्याची वृत्ती तीच.

---

गिटारवाला_नाशिक

जिमी रीडबद्दल लिहा ना कुणीतरी. ‘ऑनेस्ट आय डू’ (१९५७) मध्ये ती चिरकी, अगदी वरची हार्मोनिका आहे. मी डी ची लावून थकलो.

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

डी बाजूला ठेवा. गाणं ए मध्ये आणि हार्मोनिकाही ए चीच. फर्स्ट पोझिशन, आणि सगळा खेळ आठव्या, नवव्या, दहाव्या होलवर. वरच्या टोकाला उलटं असतं. तिथे फुंकायचा सूर ओढायच्या सुराच्या वर असतो, म्हणून फुंकून बेंड होतो. आठवं फुंकून वाकवलं की कोमल ग, नववं वाकवलं की तीव्र म, दहावं वाकवलं की शुद्ध नी आणि आणखी दाबलं की कोमल नी. जिमी रीड गळ्यात अडकवलेल्या स्टँडवर हार्मोनिका लावून स्वतः गिटार वाजवत हे करायचे. हात मोकळे नाहीत, हाताने आवाज झाकता येत नाही, म्हणून तो आवाज इतका उघडा आणि पातळ लागतो.

वरच्या टोकाला किंचाळत वर-खाली होणारा कोमल ग, आणि खाली मात्र कोमल ग अजिबात नाही, असं ऐकलंत की डोळे मिटून फर्स्ट म्हणा.

आणि मला जी गोष्ट फार आवडते ती अशी. त्यांचंच ‘बिग बॉस मॅन’ लावा. गाणं ई मध्ये. हार्मोनिका पुन्हा ए ची, पण आता सेकंड पोझिशन. तीच दहा होलं, तोच माणूस, तेच स्टँड. सा फुंकेवरून श्वासावर सरकला आणि वाद्याचा स्वभाव बदलला. ही दोन गाणी पाठोपाठ ऐकली की पोझिशन म्हणजे काय हे माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा लवकर कळेल.

---

टेपवेडा

माझी अडचण तांत्रिक आहे. काही जुन्या रेकॉर्डवर ट्यूनर सा दाखवतच नाही, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सुई थरथरत राहते. अशा वेळी हार्मोनिका कशी ठरवायची? कुठलीच जुळत नाही.

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

हे बरेचदा होतं. रेकॉर्डिंग यंत्राचा वेग, नंतर प्रत काढतानाचा वेग, आणि तेव्हाचा बँड आपापसात लावून घ्यायचा, बाहेरच्या कुठल्या मापाला नाही. काही वेळा वेग मुद्दामही बदललेला असतो. लेड झेपलिन या रॉक बँडचं १९७१ चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घ्या (मूळ गाणं कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं, १९२९ चं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं). ते वाजवलं एका वेगात आणि रेकॉर्डवर आलं मंदावून. म्हणून त्यातली हार्मोनिका इतकी जड, चिखलातून चालल्यासारखी लागते. सरळ बाजारातली हार्मोनिका घेऊन तो आवाज काढायला बसाल तर हाती निराशाच येईल.

सर्वसाधारण जुन्या रेकॉर्डसाठी उपाय सोपा आहे. आवाजाची उंची बदलणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या आणि गाणं जवळच्या पूर्ण पट्टीपर्यंत हळूहळू सरकवा, आधी वर, मग खाली. दोन्हीकडे सरकवल्यावर गिटारचा मोकळ्या तारांचा घुमार कुठे ‘ई’ किंवा ‘ए’ वर येतो ते पाहा. नाशिककरांनी सांगितलेली खूण इथे कामाला येते. पोझिशन मात्र वेगाने बदलत नाही. कोमल ग वाकतो की नाही, कुठल्या सप्तकात आहे, हे टेप मंद असो की जलद, तसंच राहतं.

---

शिवाजीपार्ककर

छान चाललंय. आपल्याकडचं विचारतो. ‘शोले’मध्ये जय वाजवतो ती हार्मोनिका भानू गुप्ता यांची. ‘सोलवा साल’ (१९५८) मधल्या ‘है अपना दिल तो आवारा’ला खुद्द राहुल देव बर्मन. ही कोमल ग ची चाचणी तिथे लावता येईल का? आणि २०११ मध्ये मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाला शिकागोचे गिटारवादक बडी गाय आले होते, तेव्हा मी होतो. त्यांच्या जुन्या रेकॉर्डवर हार्मोनिका कोण वाजवायचं?

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

बडी गायना प्रत्यक्ष ऐकलंत, भाग्यवान आहात. त्यांची आणि ज्युनिअर वेल्सची जोडी होती. १९६५ चा ‘हूडू मॅन ब्लूज’ हा अल्बम ऐका. नाव आणि हार्मोनिका ज्युनिअर वेल्सची, गिटार बडी गायची. करारामुळे सुरुवातीच्या प्रतींवर बडी गायचं नावच छापता आलं नाही, ‘फ्रेंडली चॅप’ असं छापलं.

चाचणीबद्दल: ती डायटोनिकची आहे, तिथे सूर गहाळ असतात म्हणून चालते. क्रोमॅटिक हार्मोनिकाला बाजूला बटण असतं, ते दाबलं की बाकीचे सूर येतात, बारा पूर्ण. काहीच गहाळ नसेल तर गहाळ सुरावरून शोध घेता येत नाही. सिनेमातल्या सुरावटी ऐकताना आधी वाद्य ठरवावं लागेल.

क्रोमॅटिक ब्लूजमध्येही आहे. लिटल वॉल्टर आणि जॉर्ज स्मिथ यांनी ती थर्ड पोझिशनमध्ये वापरली. सी ची क्रोमॅटिक ओढली की रे म ध नी, म्हणजे रे ला सा मानून सा कोमल-ग प ध. हा सबंध कॉर्ड एका श्वासात, अंधाऱ्या खोलीत बाजा वाजल्यासारखा. ओळखायची खूण: जीभ मधल्या तीन होलांवर ठेवून वाजवलेली दणकट सप्तकाची जोडी, खोल बेंड जवळजवळ नाहीत, आणि कोमल ग वर, खाली, मधे सगळीकडे.

डायटोनिकवरची थर्ड पोझिशन ऐकायची असेल तर चार्ली मसलव्हाइटचं ‘क्रिस्टो रिडेम्प्टर’ (‘स्टँड बॅक!’, १९६७). दिवा मालवून ऐका. सबंध गाण्यात तो घाई करत नाही.

---

खरजातला_सा

बी फ्लॅट मित्राकडून आणली. काल रात्री ‘हेल्प मी’ लावलं. दुसरं होल ओढलं आणि रेकॉर्डच्या सा मध्ये माझा सा विरघळला. कोमल ग अजून नीट वाकत नाही, पण कुठे वाकायला हवा ते कळलं. पद्धतीबद्दलचा आक्षेप मागे घेतो. याद्यांबद्दलचा घेत नाही. 🙂

---

नवशिकी

दहा होलची सी घेतली! चौथं होल वाकलं, तिसरं अर्धंच वाकतंय. दोन प्रश्न आहेत. एक, सी वर मला कुठलं खरं गाणं सोबत वाजवता येईल? दोन, पुढची हार्मोनिका कुठल्या पट्टीची घेऊ?

---

पांढरी_सहा (धागाकर्ता)

चौथं वाकलं म्हणजे अवघड भाग संपला. तिसरं अर्धं वाकतंय तेच सध्या हवंय, कारण ब्लूजचा कोमल ग अर्ध्यावरच राहतो. पूर्ण खाली न्यायची घाई करू नका.

सी साठी लिटल वॉल्टरचं ‘ऑफ द वॉल’ (१९५३). गाणं जी मध्ये, पांढरी पाच, तिचा मध्यम पांढरी एक. वेग जास्त आहे, म्हणून अर्ध्या वेगात लावा आणि आठवडाभर नुसतं ऐका, तोंडाला लावू नका. प्रत्येक ओळ संपते तेव्हा तो फुंकतोय की ओढतोय, एवढंच वहीत लिहा.

पुढची ए घ्या, ‘जूक’ आणि जिमी रीडची दोन्ही गाणी निघतील. मग डी. ए ही सी पेक्षा खालच्या आवाजाची असते, रीड लांब, वाकायला वेगळी वाटेल, पहिले दोन दिवस हात अडखळेल. ‘जूक’च्या सुरुवातीचा तुकडा खालून चढत येतो आणि सहाव्या होलवर फुंकून वरच्या सा ला टेकतो. तो सा रेकॉर्डशी जुळला की इथे लिहा, पुढचा तुकडा आपण मिळून उतरवू.